शेजाऱ्याचा टीव्ही, आपला मोबाइल

चिखली, कुदळवाडी, चाकणची नाणेकरवाडी, खराबवाडी. कारखान्यांच्या आसपासच्या अशा वस्त्यांत दोन-चार बिऱ्हाडं मिळून एकच वाय-फाय वापरतात. पैसे वाचतात, मुलांचा अभ्यासही होतो. त्यात वावगं काही नाही. पण शाळेत भेटणाऱ्या पालकांना आम्ही एक गोष्ट नेहमी सांगतो: वाय-फाय एक झालं, की टीव्हीचं दारही सामाईक होतं.

यूट्यूबसारखं अ‍ॅप उघडलं, की मोबाइल त्या वाय-फायवर हाक देतो, "इथं कुणी टीव्ही आहे का?" कास्टची सोय असलेला प्रत्येक टीव्ही आपलं नाव कळवतो. मधली भिंत त्याला ठाऊक नसते. एक वाय-फाय म्हणजे एक घर, असं धरूनच ही सोय बनवलेली आहे. त्यामुळे शेजारच्या मुलानं यादीतलं चुकीचं नाव दाबलं, तर त्याचा व्हिडिओ आपल्या घरी, अम्मी-अब्बूंसमोर सुरू होतो. अँड्रॉइड मोबाइलवर तर शेजारी काय लावलं आहे तेही दिसू शकतं, आणि तिथूनच ते बंदही करता येतं.

धोका फक्त शेजारापुरता नाही. जानेवारी २०१९ मध्ये दोन हॅकरांनी राउटरमधल्या 'यूपीएनपी' या सोयीचा फायदा घेऊन जगभरातल्या हजारो टीव्हींवर आपला संदेश झळकवला होता.

उपाय सोपे आहेत. ज्यांच्या नावे कनेक्शन आहे, त्यांनी राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' सुरू करावं आणि शेजाऱ्यांना त्याचाच पासवर्ड द्यावा. आपला टीव्ही मुख्य नेटवर्कवर ठेवावा. टीव्हीला ओळखू येईल असं नाव द्यावं. गुगल होम अ‍ॅपमध्ये इतरांना कास्टचं नियंत्रण देणारी सोय बंद करावी. गरज नसेल तर राउटरमधलं यूपीएनपीही बंद करावं. आणखी एक: कास्ट करताना टीव्ही फक्त निवडलेला व्हिडिओ दाखवतो. 'स्क्रीन मिररिंग'मध्ये मात्र अख्खा मोबाइल दिसतो, आलेले मेसेजसुद्धा.

कुणाच्याही घरी सलाम करून, परवानगी घेऊनच आत जायचं, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. आता एवढंच जोडू या: यादीत दिसणारं शेजाऱ्याच्या टीव्हीचं नाव, हाही त्याचा उंबरठाच आहे.