खरपूस थर, मऊ घास

वय वाढते तसे ताटातील एकेक पदार्थ निघून जातात. दात उरत नाहीत म्हणून भाकरी आणि कोशिंबीर सुटते. चव लागत नाही म्हणून भाजी तशीच राहते. अखेरीस वरण-भात तेवढा उरतो. ‘या वयात एवढे पुरे’ असे आपण म्हणतो खरे. परंतु उतारवयात स्नायू क्षीण होत असतात आणि प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही.

अशा ताटासाठी फ्रेंच स्वयंपाकघरातील ‘ग्रातँ’ उपयोगी पडते. या शब्दाचे मूळ खरवडण्यात आहे. दुधाच्या पातेल्याची खरवड ज्यांनी बालपणी चाखली आहे, त्यांना त्याची गोडी सांगावी लागणार नाही.

दोघांसाठी ३०० ग्रॅम फ्लॉवरचे लहान तुरे काढावेत, देठ पातळ चिरावेत. बोटांनी सहज चेपले जातील इतके वाफवून पाणी निथळावे. चमचाभर लोण्यात तितकाच मैदा मंद आचेवर परतावा आणि कपभर दूध थोडे थोडे घालत दाट सॉस करावा. त्यात २० ग्रॅम किसलेले चीज, मिरपूड आणि किंचित जायफळ घालावे. फ्लॉवरवर सॉस ओतून आणखी २० ग्रॅम चीज पसरावे. २०० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे, केवळ सोनेरी होईपर्यंत भाजावे. कडक थर हिरड्यांना टोचतो. प्रत्येकाला सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात.

वरून मीठ घालू नये. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये ते पुरेसे असते. त्यात फॉस्फेटचे क्षारही असतात. म्हणून मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. गरम चीजच्या तारा घशात अडकू शकतात. पक्षाघात वा कंपवातामुळे गिळण्यास त्रास होत असेल, तर वरचा थर टाळावा आणि कोणता आहार सुरक्षित आहे, हे तज्ज्ञांकडून जाणून घ्यावे. इतरांनाही पदार्थ १० मिनिटे निवल्यावरच, ताठ बसवून, लहान घासांनी द्यावा. वरून कोमट वाटले तरी आत सॉस कढत असतो.

आणि वाढताना, ‘खरवड कोणाला हवी?’ असे अवश्य विचारावे. भूक कधीकधी या प्रश्नानेच जागी होते.