हलक्या हाताचा कैवार

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकून मोशीवरून चाकणकडे जाऊ लागले म्हणजे कारखान्यांच्या, भाड्याच्या खोल्यांच्या आणि कामगार पुरविणाऱ्या ठेकेदारांच्या पाट्यांच्या गर्दीत, पाठ, मान व गुडघे यांवर औषधावाचून आणि शस्त्रक्रियेवाचून केवळ हाताने इलाज करून देण्याची हमी घेणाऱ्या पाट्याही डोकावू लागतात. आणि ज्या पट्ट्यात असंख्य माणसे यंत्राच्या गतीशी आपल्या कमरेची गती जुळवून पोट भरतात, तेथे अशा पाट्यांना गिऱ्हाईक मिळावे यात नवल काहीच नाही. या पाट्यांवरील मजकुराचे खंडन करणे सोपे आहे आणि ते मी करणारही आहे. परंतु तेवढ्याने हलक्या हाताच्या उपचाराचा मामला निकालात निघाला असे समजून जे सुशिक्षित, विशेषतः वैद्यकव्यवसायी, गृहस्थ माना डोलावतील, त्यांचा पक्षही माझ्या मते तितकाच कच्चा आहे, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

प्रथम पाटीवाल्यांची कैफियत ऐकू. त्यांचे म्हणणे असे की, पाठ दुखते ती मणक्यातली गादी सरकल्यामुळे, आणि जाणत्या हाताने ती पुन्हा जागेवर बसते; स्नायूंत साचलेले विष चोळण्याने बाहेर पडते; श्रमाने जमलेले लॅक्टिक आम्ल मर्दनाने धुऊन निघते; स्नायूंवरील आवरणे आखडलेली असतात ती बोटांनी ताणून मोकळी होतात. यांतील अधिक सूक्ष्म मंडळी आणखी पुढे जातात. कवटीच्या हाडांना स्वतःची एक मंद लय असते, ती अभ्यस्त बोटांना कळते आणि पाच ग्रॅम वजनाइतक्या अल्प स्पर्शाने ती सुधारताही येते, असे मत अमेरिकेत विल्यम सदरलँड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले, जॉन अपलेजर यांनी १९७० नंतर त्याचा विस्तार केला, आणि आता ते आपल्याकडेही शिकवण्यांच्या रूपाने येऊन पोहोचले आहे.

या कैफियतीची एकेका कलमाने रुजुवात करून पाहिली, तर हाती फारसे उरत नाही. मणक्यांमधील गादी वरच्या व खालच्या मणक्याला तंतूंनी घट्ट सांधलेली असते. ती सरकत नाही, तिच्या आतला मऊ गर कडेला फुगतो किंवा बाहेर येतो, आणि असा बाहेर आलेला गर पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांच्या अवधीत आपोआप आकसतो, सबब त्या अवधीत ज्याचा हात पाठीवर असेल त्याच्या पदरात यश पडते. लॅक्टिक आम्लाचे तर असे की, ते श्रम थांबल्यावर तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकते. आणि कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखविले की, व्यायामानंतर लगेच केलेल्या मर्दनाने स्नायूंतील रक्तप्रवाहात उलट अडथळा येतो व ते आम्ल निघून जाण्यास विलंबच लागतो. आवरणे ताणण्याच्या दाव्याचा हिशेब २००८ मध्ये गणिताने मांडला गेला: मांडीवरील व तळपायातील जाड आवरणांत एक टक्का बदल घडविण्यासही मानवी हाताच्या नेहमीच्या मर्यादेबाहेरचे बळ लागते. कवटीच्या लयीविषयी इतकेच सांगणे पुरे की, एकाच मनुष्याची ती लय दोन निष्णात परीक्षकांनी मोजली असता त्यांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत. विषाबद्दल मी काही लिहीत नाही; त्या विषाचे नाव अद्याप कोणी सांगितलेले नाही.

एक अपवाद मात्र न्यायाने नोंदला पाहिजे. त्वचेच्या लगतच खाली असलेल्या लसीकावाहिन्यांतील द्रव हलक्या हाताने खरोखरच पुढे सरकविता येतो. एमिल व्होडर यांनी १९३६ मध्ये पॅरिस येथे मांडलेली ही पद्धत स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवर आजही रुग्णालयांतून वापरली जाते, आणि तेथे जोर लावणे हाच दोष मानला जातो.

चुकीची उपपत्ती निरुपद्रवी असते, हा समज तर आणखी घातक. हाड सरकले आहे अशी ज्याची श्रद्धा, तो ते बसविण्यासाठी जोर लावतोच. आणि ज्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून गेलेला नाही, त्या देशात रात्री वाढणारी पाठदुखी, ताप व वजनातील घट यांकडे दुर्लक्ष करून मणक्यावर गुडघा रोवणारा मनुष्य रुग्णाला पांगळा करू शकतो. पायातील बळ जाऊ लागले, लघवीवरचा ताबा सुटू लागला, बैठकीच्या जागेची संवेदना हरपली, तर हाताचा उपचार क्षणभरही नको. तेथे तातडीने रुग्णालय गाठणे हाच इलाज. एका पोटरीलाच अकस्मात सूज येऊन ती गरम लागू लागली, तर तीही चोळू नये, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. या पक्षाचे म्हणणे असे की, हाड हलत नाही, गादी बसत नाही, विष निघत नाही, तस्मात हलक्या हाताने काहीच होत नाही. रुग्णास बरे वाटते ते केवळ मनाचे समाधान. येथे तर्काची एक पायरी गाळलेली आहे. पाटीवाल्याने सांगितलेले कारण खोटे ठरले म्हणून त्याच्या हातून घडणारे कार्यही खोटे ठरत नाही. आणि ‘केवळ मनाचे’ हे जे विशेषण इतक्या सहजपणे लावले जाते, त्यात मन हे शरीराबाहेर कोठेतरी राहते अशी एक गर्भित समजूत आहे, जी शरीरशास्त्र शिकलेल्या मनुष्याच्या तोंडी शोभत नाही. शिवाय या पक्षाचे स्वतःचे घरही काचेचे आहे. ज्या एमआरआयच्या चित्रावर बोट ठेवून डॉक्टर रुग्णास ‘गादी फुगली आहे’ असे सांगतात, तशी फुगलेली गादी पाठ मुळीच न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३० टक्क्यांत आणि ऐंशीतल्या माणसांपैकी सुमारे ८४ टक्क्यांत आढळते, असे २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखविण्यात आले. म्हणजे दुखण्याचे मूळ हाडांच्या रचनेत शोधण्याची खोड पाटीवाल्यापुरती मर्यादित नाही. तो ते बोटांनी चाचपतो, आणि हे चुंबकाने.

मग हात करतो काय? तो त्वचेशी बोलतो, आणि त्वचा मज्जारज्जूशी. १९६५ मध्ये मेलझॅक व वॉल यांनी मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे वेदनेचे संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी मज्जारज्जूत त्यांच्यावर एक पहारा असतो, आणि स्पर्शाचे जलद संदेश तेथे पोहोचले की वेदनेच्या संदेशांना मिळणारी मुभा कमी होते. ठेच लागल्यावर आपण बोट आपोआप चोळतो, त्याची उपपत्ती हीच. त्या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण त्याचा गाभा टिकला. याहून आश्चर्यकारक गोष्ट स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी उजेडात आणली: माणसाच्या केसाळ त्वचेत, म्हणजे पाठीवर, हातावर, पायावर, अतिशय मंदगतीचे काही मज्जातंतू असतात, जे सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ, उबदार आणि हलक्या स्पर्शालाच सर्वांत अधिक प्रतिसाद देतात, आणि त्याहून वेगाने हात फिरविला की त्यांचा प्रतिसाद ओसरतो. ज्या स्त्रीचे जलद स्पर्शतंतू आजाराने नष्ट झाले होते, तिला कुंचल्याचा संथ स्पर्श कोठे झाला हे धड सांगता येईना, पण अंधुकसे सुख मात्र जाणवले, असे याच गटाने २००२ मध्ये नोंदविले. आणि त्या वेळी तिच्या मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शरीराच्या आतल्या स्थितीची दखल घेणारा होता. दात-ओठ खाऊन रगडणाऱ्या हाताला जे साधत नाही ते संथ हाताला का साधते, याचे उत्तर अशा रीतीने देहाच्या रचनेतच मिळते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना यंत्रांवाचून कळलेली होती. सुश्रुताने चिकित्सास्थानात अभ्यंग, उद्वर्तन यांच्याबरोबर संवाहनाची, म्हणजे हलक्या हाताने अंग चेपण्याची, स्वतंत्र नोंद केली आहे आणि त्याची फळे म्हणून प्रीती, निद्रा, श्रमपरिहार आणि त्वचा-रक्त-मांसाची प्रसन्नता सांगितली आहे. हाडे बसविण्याचा विषय त्याने भग्नचिकित्सेच्या निराळ्या अध्यायात घातला, आणि दोहोंची गल्लत केली नाही. पाठीत उसण भरली असता पायाळू माणसाचा पाय नुसता पाठीवरून फिरवून घेण्याचा आपल्या खेड्यांतील शिरस्ताही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे: उलटे जन्मण्यात काही सामर्थ्य नाही हे खरेच, परंतु उसण बहुधा थोड्या दिवसांत आपोआप ओसरणारी असल्याने आणि हलका स्पर्श व आश्वासन मिळाल्याने, तो प्रयोग मणक्यावर चढून नाचण्यापेक्षा निश्चित शहाणपणाचा होता.

मंडनपक्षाचा सर्वांत बळकट दाखला मात्र अमेरिकेतील सिॲटलचा आहे. तेथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांचे तीन गट केले गेले: एकास शरीररचनेतील दोष शोधून दुरुस्त करण्याचे म्हणविणारे मर्दन, दुसऱ्यास नुसते विश्रांती देणारे संथ मर्दन, आणि तिसऱ्यास नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी दोन्ही मर्दनगट तिसऱ्याहून सरस ठरले, आणि आपसांत मात्र त्यांच्यात तफावत निघाली नाही. दोष शोधण्याची सारी विद्या वजा केली तरी फळ तेवढेच राहते, याचा अर्थ फळ त्या विद्येचे नव्हतेच. ते संथ हाताचे होते. लाभाची मुदतही लपवू नये: सहा महिन्यांपर्यंत तो टिकला, वर्षाअखेरीस बहुतेक ओसरला. सर्व प्रयोगांचा २०१५ मधील कॉक्रन आढावा तर याहून हात आखडता घेतो. अल्पकाळ आराम पडतो एवढेच तो मान्य करतो, आणि त्या पुराव्यावरही फारसा विश्वास टाकत नाही. मर्दनाने कॉर्टिसॉल नावाचे ताणाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात उतरते, हा समर्थकांचा लाडका दावाही २०११ च्या फेरतपासणीत नगण्य ठरला, जरी चिंता व खिन्नता कमी होण्याचा परिणाम त्याच संशोधकाच्या आधीच्या मोजणीत चांगला भरलेला होता. एवढे वजा जाता जे उरते तेवढ्याचाच मी कैवार घेतो.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो कामगार चळवळीतल्या माणसांकडून येतो म्हणून मला सर्वांत जड वाटतो. ते म्हणतात, ज्या लाइनवर माणूस पाळीभर वाकून एकच बोल्ट आवळतो ती लाइन जशीच्या तशी ठेवून संध्याकाळी त्याची पाठ चोळणे म्हणजे मालकाच्या अपराधावर तेल लावणे होय. यातील पहिला भाग मला संपूर्ण मान्य आहे. कारखाना कायदा, १९४८ याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळविण्यास बंधनकारक अशा व्यवसायजन्य रोगांची जी २९ कलमी यादी होती, तीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारा बहिरेपणाही होता, कंबरदुखी नव्हती. त्यामुळे या पट्ट्यातील सर्वांत सार्वत्रिक दुखणे सरकारी दप्तरी जन्मालाच आले नाही, आणि कामाच्या टेबलाची उंची, ओझ्याचे वजन, जागा बदलून काम देण्याची सोय या गोष्टी व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहिल्या. हा दोष हाताने निघणार नाही. पण आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे लाइन सुधारेपर्यंत पाठीला हात लावू नये, हा मला क्रूर वाटतो. आणि बरे वाटलेला कामगार टेबलाच्या उंचीची तक्रार करणे सोडून देतो, असे मानण्यास आधारही दिसत नाही.

व्यवहाराची अडचण मात्र खरी आहे. चिंचवडच्या राज्य विमा रुग्णालयात काय किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात काय, एकेका रुग्णाच्या पाठीवर अर्धा तास हात ठेवण्याइतकी फुरसत सार्वजनिक दवाखान्यास मिळणे कठीण. म्हणून अशा दवाखान्यांतून मशीन लावून, करंट देऊन, रुग्णास घरी धाडण्याचा प्रघात पडला. आणि घरी तरी कोण असते? खराबवाडी, मेदनकरवाडी, नाणेकरवाडी येथल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भातून आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुले पाळीपाळीने एकाच गादीवर झोपतात. त्यांचे पाय चेपणारी माणसे शेकडो कोस दूर राहिली. या अडचणीवरची तजवीज मुंबईच्या शीव रुग्णालयाने वेगळ्याच प्रसंगी करून दाखविली आहे. तेथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आधी शिकलेल्या हातांनी आणि घरी गेल्यावर त्यांच्या आयांनी ठराविक रीतीने स्पर्श दिला, व त्या बाळांची वजने इतरांपेक्षा अधिक वाढली. आयांना जे शिकविता आले ते एका खोलीत राहणाऱ्या दोन सोबत्यांना शिकविता येणार नाही, असे कोणी म्हणू नये. संथ गती, थोडे कोमट तेल, मणक्याच्या हाडावर भार नाही, दुखले की थांबणे, आणि वर सांगितलेली धोक्याची लक्षणे: एवढा पाठ फिजिओथेरपिस्टास एका बैठकीत दहाजणांना देता येतो, आणि भोसरीच्या तालमींत, जेथे एक पैलवान दुसऱ्याचे अंग मळतो, तेथे उजळणीपलीकडे काही लागणारही नाही.

पाटीवाल्यांपैकी ज्यांचा हात खरोखर हलका आहे, त्यांना या तजविजीतून वगळावे असे मी म्हणत नाही. त्यांनी पाटीवरची गादी तेवढी उतरवावी, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगावे की, बाबा, तुझे हाड जागेवरच आहे. दोन घटका पडून राहा, म्हणजे आज रात्री झोप लागेल, आणि महिनाभरात दुखणे हटले नाही तर डॉक्टरकडे जा.