रेशनच्या पिशवीत डाळ का नाही?

व्हीगन आहार म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे आता अमरावती-अकोल्यातही ऐकू येते. मॉलमधल्या बदामाच्या दुधाचा किंवा टोफूच्या पाकिटाचा भाव पाहिला तर ते पटतेही. पण दूध, तूप, अंडी, मांस वगळलेले जेवण वऱ्हाडात कितीला पडते, याची चौकशी मॉलमध्ये कशाला करायची? ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी या ताटात प्राण्याचे काही नाही आणि यातले सगळे इथल्याच काळ्या मातीत पिकते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. तीनशे ग्रॅम ज्वारीतून साधारण 30 ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम तूरडाळीतून 22 ग्रॅम. ज्वारी 50 रुपये आणि डाळ 150 रुपये किलो धरली, तरी हे धान्य 30 रुपयांत येते. तेल, भाजी, गॅस वेगळा. दूध 60 रुपये लिटर धरले तर त्या लिटरभरात प्रथिने 32 ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच पैशांच्या डाळीत 85 ग्रॅमहून जास्त. डाळीतली प्रथिने दुधाइतकी पचत नाहीत, हे मान्य. ज्वारीत लायसिन कमी असते, पण ती उणीव डाळ भरून काढते. म्हणूनच तीन भाग धान्याला एक भाग डाळ असे प्रमाण सांगितले जाते.

ब-12 जीवनसत्त्वाचा आक्षेप मात्र खरा आहे. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, आणि अंबाडी कितीही खाल्ली तरी मिळणार नाही. ज्याने दूध-अंडी सोडली त्याने गोळी घ्यावी. ती कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते आणि महागही नाही. कॅल्शियमसाठी तीळ आहे. याहून गंभीर आक्षेप मेळघाटातून येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुले खुरटलेली होती आणि मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांतून आजही गेलेले नाही. तिथल्या कोरकू आदिवासी मुलांना अमृत आहार योजनेत मिळणारे अंडे तत्त्वाच्या नावाखाली काढून घेणे हा निव्वळ अन्याय ठरेल. शाळेतल्या आठवड्याच्या अंड्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर 2023मध्ये घेतला आणि जानेवारी 2025मध्ये त्याचा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीची वाट दाखवली, तेही चूकच. ज्याला दूध परवडते त्याने ते सोडले तर तो आहाराचा विचार झाला. ज्याच्या घरात दूध येतच नाही त्याला व्हीगन म्हणणे ही थट्टा आहे.

म्हणजे खरा प्रश्न पुन्हा डाळीपाशीच येतो, कारण वर मांडलेला तीस रुपयांचा हिशेब चार माणसांच्या घरात रोजचे एकशेवीस रुपये होतो आणि शेतमजुराच्या घरात पहिली कात्री डाळीलाच लागते. वरण पातळ होत जाते, भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा उरतो. सरकारी धान्य मोफत आहे, पण त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ. सोयाबीनने वऱ्हाडातली खरीप ज्वारी शिवारातून हटवली आणि रेशनने ती ताटातूनही जवळजवळ काढली. त्या सोयाबीनमध्ये 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिने, तरी त्याची ढेप जाते कोंबड्यांच्या खाद्याला. आणि पिकवणाऱ्याला 2024च्या हंगामात क्विंटलला 4,892 रुपये हमीभाव जाहीर असूनही खुल्या बाजारात त्याखालीच विकावे लागले.

डाळ रेशनवर देणे परवडणार नाही, असे सांगितले जाते. पण ते याआधी झालेले आहे. ऑक्टोबर 2015मध्ये तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली. तो भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर वाढवली आणि 2017मध्ये हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये असताना बाजार त्याच्या खाली कोसळला. खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा लागल्या. सरकारने घेतलेली ती तूर भरडून 2018मध्ये रेशन दुकानांतून 35 रुपये किलोने विकली. 2022च्या दिवाळीत रेशनवर मिळालेल्या शंभर रुपयांच्या ‘आनंदाचा शिधा’ पिशवीत किलोभर चणाडाळही होती. म्हणजे डाळ दुकानापर्यंत पोचवण्याची यंत्रणा आहे. मात्र तूर अंगावर आली, सण आला, अशा प्रसंगीच ती जागी झाली. पीक चढले की हमीभावाने तूर घ्यायची, अकोल्याच्या दाल मिलमध्ये भरडायची आणि वर्षभर द्यायची, यात नवे असे काहीच शोधायचे नाही. पैसा लागेल, हे उघड आहे. पण भाव पडला की शेतकऱ्याला आणि चढला की गिऱ्हाइकाला सावरण्यासाठी तो आजही खर्च होतोच, आणि आयातीची दारे उघडली की त्याची झळ पुन्हा इथल्याच तूर उत्पादकाला बसते.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात एवढी एकच मागणी लावून धरावी: दर रेशनकार्डावर महिन्याला किमान दोन किलो तूरडाळ, आणि तीही वऱ्हाडातल्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतलेली.