आजोबा आज कुणाशी बोलले?

मुलांनो, मागच्या महिन्यात मी वर्गाला एक वेगळाच गृहपाठ दिला. घरातल्या आजी-आजोबांना संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचा, "आज दिवसभरात तुम्ही कुणाकुणाशी बोललात?" आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं वहीत लिहून आणायचं.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एका वहीपाशी मी थांबले. आजोबांचं उत्तर एवढंच होतं : 'सकाळी दूधवाल्याशी. मग आत्ता तुझ्याशी.'

मी त्या मुलाला जवळ बोलावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, त्यांना ऐकू कमी येतं. तेच तेच ओरडून सांगावं लागतं. म्हणून कुणी बोलतच नाही. मी पण नाही."

खरं बोलला बिचारा! म्हातारपण म्हटलं की आपल्याला गुडघेदुखी आणि गोळ्या आठवतात. पण माणसं तुटतात, ते दुखणं कुणाला दिसत नाही. नोकरी संपली की रोजचे सोबती सुटतात. गाव सोडून मुलाकडे शहरात आलं की पारावरची मंडळी मागे राहतात. ऐकू येईनासं झालं की माणूस नुसती मान डोलावतो आणि हळूहळू चारचौघांत बसणंच टाळतो. घर भरलेलं असतं, तरी तो एकटा!

यावर उपाय आहेत बरं का! गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ असतात. तिथे गप्पा, व्यायाम, वाढदिवस, सहली असं काही ना काही चालू असतं. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ सालापासून गरजू ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र मोफत दिलं जातं. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे. म्हणजे गावाकडच्या सोबत्यांना भेटून येता येतं! शिवाय १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा फोन आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे लागत नाहीत. पेन्शनची अडचण असो, घरात कुणी त्रास देत असो, की नुसतंच मन मोकळं करायचं असो, तिथे ऐकून घेणारं माणूस मिळतं.

पण मुलांनो, सोय असली म्हणजे भागत नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत जावं लागतं. आमच्या त्या मुलाचे आजोबा संघात जायला तयारच नव्हते. "मला कोण ओळखतं तिथे?" म्हणाले. मग हाच त्यांच्याबरोबर गेला आणि कोपऱ्यात अभ्यास करत बसला. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आजोबाच म्हणाले, "तू जा खेळायला. आमचा पत्त्यांचा डाव रंगलाय!"

आता तो घरी आजोबांशी कसा बोलतो, ठाऊक आहे? ओरडत नाही. समोर बसतो, तोंडाकडे बघून सावकाश बोलतो. तसं बोललं की त्यांना बरंचसं कळतं.

पालकहो, हा गृहपाठ तुमच्यासाठीही आहे. आणि मुलांनो, आज संध्याकाळी तो प्रश्न विचाराल ना? उत्तर छोटं आलं, तर लगेच उठू नका. तिथेच थोडा वेळ बसा.

तुमची,
बाई