वर्षा ऋतूतील पथ्य आणि फेरीवाल्याचा वाडगा

वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो व वाताचा प्रकोप होतो. म्हणून जुने धान्य, जांगल मांसरस, संस्कारित यूष आणि उकळून थंड केलेले पाणी यांचे सेवन करावे, हे आपणां सर्वांस ज्ञात आहे. आषाढ लागला की आपण ते रुग्णांना सांगतोही. प्रश्न एवढाच उरतो की, हा आहार रुग्णाला मिळावा कोठे? वसतिगृहातील विद्यार्थी, रिक्षाचालक, रात्रपाळीचा कामगार यांना भर पावसात, परवडेल अशा दरात मिळतात ते वडापाव, भजी आणि चहा. आपण कागदावर मुद्गयूष लिहितो आणि रुग्ण भजी खातो. यात दोष त्याचा नाही.

हाच प्रश्न सिंगापूरने निराळ्या रीतीने सोडविला आहे. तेथे आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नाही. वर्षातील सरासरी 171 दिवस पाऊस पडतो आणि डिसेंबर-जानेवारीत त्याचा जोर अधिक असतो. रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना हुसकावून न लावता तेथील शासनाने 1971 ते 1986 या काळात त्यांच्यासाठी पाणी, सांडपाणी व छप्पर यांची सोय असलेली केंद्रे उभारली आणि त्यांना तेथे स्थलांतरित केले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. 2020 साली युनेस्कोने या फेरीवाला-संस्कृतीचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. बाहेर पावसाची झड लागली असता तेथील सामान्य मनुष्य पाच-सहा डॉलरांत नूडल्स घातलेल्या वाफाळत्या सूपचा वाडगा घेऊन निवांत बसतो. त्या देशातील मिळकतीच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे.

वैद्याच्या दृष्टीने त्या वाडग्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. भारतीय मुस्लीम विक्रेत्यांचे 'सूप कंबिंग' म्हणजे बकऱ्याच्या मांसाचा धने, जिरे, बडीशेप, दालचिनी घालून मंदाग्नीवर सिद्ध केलेला रसच होय. वर तळलेला कांदा व कोथिंबीर आणि सोबत पाव असतो. चिनी परंपरेतील 'बाक कुत तेह' या नावाचा अर्थ 'मांस-अस्थी चहा' असा असला तरी त्यात चहापत्ती नसते, चहा सोबत निराळा दिला जातो. सिंगापुरात त्याचा लसूण व पांढरी मिरी यांनी तिखट झालेला पातळ प्रकार रूढ आहे, तर मलेशियातील क्लांग येथील प्रकारात चक्रीफूल, दालचिनी आणि डांग-ग्वेई या चिनी वनौषधीचे मूळ असते. गोदीतील कष्टकऱ्यांचे हे अन्न असल्याची परंपरा सांगितली जाते.

औषधविक्रेत्या बंधूंनी एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात घ्यावी. या सूपची द्रव्ये मोजून भरलेल्या पुड्या तेथील चिनी औषधांच्या दुकानांतून विकल्या जातात. 1879 मध्ये स्थापन झालेली इयू यान सांग ही जुनी पेढीही अशा पुड्या विकते. तेथे औषधाचे दुकान आणि स्वयंपाकघर यांचे नाते तुटलेले नाही.

अर्थात, जे जे परदेशी ते ते स्तुत्य असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तेथील माशाच्या सूपमध्ये आटवलेले दूध घालण्याची पद्धत आहे. मत्स्य आणि दूध यांचा हा संयोग आपल्या शास्त्राने विरुद्धाहाराचे ठळक उदाहरण म्हणून सांगितला आहे. अशा सूपांत मिठाचे प्रमाणही बहुधा अधिक असते. पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा, हा विमानस्थानातील चरकाचार्यांचा इशारा येथेही लागू पडतो. म्हणून अनुकरण करावयाचे ते पदार्थाचे नव्हे. पथ्य उष्ण, ताजे, स्वस्त आणि हाताशी असावे, ही जी व्यवस्था आहे ती घ्यावी.

आपल्याकडे पदार्थांची वाण नाही. शार्ङ्गधरांनी यूषाची कृती एका वाक्यात दिली आहे : एक पल द्रव्य, अर्धा-अर्धा कर्ष शुंठी व पिप्पली आणि एक प्रस्थ जल. मात्रा अर्थातच आजच्या रुग्णाच्या बलानुसार ठरवावी लागेल. देशावर हुलग्याचे माडगे, कोकणात कुळथाची पिठी आणि तांदळाची पेज हे या परंपरेचे घरगुती वारसदारच आहेत. मात्र ते घरातच राहिले. ज्याला घर नाही, किंवा घरी रांधणारे कोणी नाही, त्याच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. शहरांतील उद्यानांबाहेर पहाटे दुधी-कारल्याचे रस विकणारे उभे राहू शकतात, तर सायंकाळी मुगाचे गरम कढण विकणारा का उभा राहू नये?

2022 साली 'आयुर्वेद आहार' विषयक नियम अधिसूचित झाले. त्यांचे स्वागतच आहे. परंतु त्यांचा लाभ केवळ आकर्षक वेष्टनातील महाग पदार्थांनाच झाला, तर आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर तसेच राहील. त्यासाठी सभासदांनी आपापल्या गावी तीन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. एक, परिसरातील एखादी खानावळ अथवा गाडीवाला निवडून त्यास मुद्गयूष व माडगे यांची कृती, पाण्याची शुद्धता आणि भांड्यांची स्वच्छता समजावून द्यावी. दोन, औषधविक्रेत्यांनी सुंठ, मिरी, जिरे, धने यांची ताजी भरड मोजून माफक दरात अशा विक्रेत्यांस पुरवावी. तीन, वैद्यांनी पथ्यपत्रकावर पदार्थाच्या नावाबरोबर तो कोठे मिळतो तेही लिहावे.

यात दोन मर्यादा कटाक्षाने पाळाव्या लागतील. गाडीवर रोग बरा करण्याचा दावा करणारी पाटी लागता कामा नये. तो वाडगा अन्न आहे, औषध नव्हे. आणि रुग्ण पाठविल्याबद्दल वैद्याने विक्रेत्याकडून एक पैसाही घेऊ नये. तसे झाले तर पथ्याचाही बाजार मांडला जाईल आणि रुग्णाचा विश्वास उडेल. शिवाय हुलगा उष्ण असल्याने रक्तपित्ताच्या व अम्लपित्ताच्या रुग्णास तो सरसकट सांगू नये. हा विवेक गाडीवाला करू शकत नाही, तो आपणच करावयाचा आहे.

लोलिंबराजांचे पथ्यविषयक वचन आपल्या परिषदांतून वारंवार उद्धृत होते. ते खरे ठरावयाचे तर पावसात भिजून आलेल्या कष्टकऱ्याला वडापावच्या दरात गरम यूष मिळाले पाहिजे. येत्या वर्षा ऋतूपूर्वी प्रत्येक शाखेने असा एक तरी वाडगा आपल्या गावात उपलब्ध करून दाखवावा.