घरी शिकणारी मुले आणि वाचनाची गोडी



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. मुलगा दहा वर्षांचा. हिफ्जसाठी त्याची शाळा दोन वर्षे थांबवली आहे. सकाळी सबक, दुपारी घरी अम्मीजवळ मराठी, इंग्रजी आणि गणित. त्या म्हणाल्या, "बाजी, अभ्यास सांगितला की करतो. पण गोष्टीचे पुस्तक हातात धरत नाही. काय करू?"

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) आपल्या मोहल्ल्यांत अशी बरीच मुले आहेत. हिफ्ज करणारी आहेत, तशी आजारपणामुळे किंवा आईवडिलांच्या निर्णयाने घरीच शिकणारीही आहेत. पुढे त्यांतली काही परत शाळेत येतात. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे असते. म्हणजे चौथीनंतर थांबलेला मुलगा एकदम सातवीत येतो. माझ्या वर्गात अशी मुले येतात. पाठांतर पक्के, अदब उत्तम. पण मराठीचा उतारा समोर आला की बोट ठेवून एकेक शब्द वाचतात. गणित येते, पण शाब्दिक उदाहरण वाचून कळत नाही. पोर बुद्धीने कमी नसते, वाचनाचा सराव तुटलेला असतो. आणि मग ते वर्गात गप्प बसू लागते. मला भीती त्या गप्प बसण्याची वाटते.

"दिवसभर तो वाचतोच ना?" असे पालक विचारतात. हा फरक समजून घ्यायला हवा. नाजरा झालेले मूल अरबी झरझर वाचते, कारण तिथे जबर, जेर, पेश सगळे छापलेले असते. उर्दूची बहुतेक अक्षरे त्याला ओळखीची असतात. पे, टे, चे, डाल, गाफ अशी थोडीच नवीन. पण उर्दू पुस्तकात एराब सहसा नसतात आणि लिपी नस्तालीक असते. तिथे शब्द अंदाजाने ओळखावा लागतो, आणि अर्थ लागत गेला तरच अंदाज जमतो. मराठीची लिपी तर वेगळीच. म्हणून अर्थ समजून वाचण्याचा सराव वेगळा द्यावा लागतो.

आता माझी चूक सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी मुलगी तिसरीत होती. शाळा बंद, मी घरी. मी ठरवले, हिला वाचनात पुढे नेईन. प्रत्येक गोष्टीनंतर पाच कठीण शब्द, त्यांचे अर्थ, चार ओळींत सारांश. बीएड केलेली बाई घरात असल्यावर आणखी काय होणार! महिन्याभरात पुस्तके दिसेनाशी झाली. एक पुस्तक मला पिठाच्या डब्यामागे सापडले. विचारले तर म्हणाली, "पढे तो तुम सवालाँ पूछते ना, अम्मी."

त्याच दिवसांत माझ्या अम्मीला मोतीबिंदूमुळे वाचता येईना. तिच्याकडे उर्दू रिसाले पडून होते. तिने नातीला सांगितले, "बेटा, जरा पढके सुना." ती अडखळत वाचू लागली. नानीने एकही चूक काढली नाही. पान संपले की एवढेच विचारायची, "फिर क्या हुआ?" दोन महिन्यांनी मुलगी रिसाला संपवूनच उठू लागली. मी तिची परीक्षा घेत होते. नानीला मात्र खरोखरच गोष्ट ऐकायची होती.

त्या भगिनीला मी हेच सांगितले. घरी शिकवणारी आईच शिक्षिका असते, म्हणून मुलाला प्रत्येक पुस्तक धडाच वाटते. दिवसातली वीस मिनिटे तरी अशी ठेवा की त्या वेळी तुम्ही शिक्षिका नाही. सबक आणि मंजिलने डोके थकलेले असताना नको. असरनंतर खेळू द्या. इशानंतर बसा. आधी तुम्ही वाचून दाखवा, मग त्याला वाचू द्या. पुस्तक आवडले नाही तर अर्धे सोडू द्या, आवडले तर दहा वेळा वाचू द्या. तुम्हाला वाचता येत नसेल तर रोटी लाटता लाटता ऐका. ऐकणारे माणूस हवे, ते शिकलेले असलेच पाहिजे असे नाही.

पुस्तके महाग पडतात, हेही खरे. पण वाटा आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. उर्दूसाठी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे 'बच्चों की दुनिया' आहे. नॅशनल बुक ट्रस्टची काही बालपुस्तके मराठीत आणि उर्दूतही मिळतात. तीच गोष्ट आधी उर्दूत वाचली की मराठीत ती सोपी जाते. मी हे वर्गात करून पाहिले आहे.

घरी शिकणाऱ्या मुलाला आणखी दोन गोष्टी कमी पडतात, सोबती आणि निवड. त्याचे उत्तर आपल्याच शहरात आहे. कोरोनात शाळा बंद असताना, जानेवारी २०२१ मध्ये, मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने बायजीपुऱ्यात मुलांसाठी मोहल्ला लायब्ररी सुरू केली. तिची स्वतःची पुस्तके होतीच, वडील मिर्झा अब्दुल कय्युम नदवी यांनी आणखी आणून दिली. पुढे इतर मोहल्ल्यांतही अशा लायब्ररी उघडल्या. तिथे मूल स्वतः पुस्तक निवडते, घरी नेते, परत आणते आणि मित्राला सांगते, "ये ले, मस्त है." आईने दहा वेळा सांगून होत नाही ते या एका वाक्याने होते. जवळपास लायब्ररी नसेल तर गल्लीतल्या चार घरांनी आपापली पुस्तके एका पेटीत ठेवावीत आणि जुम्याच्या दिवशी बदलावीत. एवढ्यानेही सुरुवात होते.

पहिली वही वाचण्याच्या हुकमाने आली, हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. मग आपल्या घरात मुलाचा हात पोहोचेल अशा फळीवर त्याच्या आवडीची किती पुस्तके आहेत, तेही एकदा मोजून पाहू या.

त्या भगिनीचा परवा पुन्हा फोन आला. मुलगा अजून स्वतःहून पुस्तक उघडत नाही. पण रात्री त्या वाचायच्या थांबल्या की विचारतो, "अम्मी, फिर?" मी म्हटले, अल्हम्दुलिल्लाह, आता घाई करू नका.

तुमच्या घरात काय चालते, तेही जरूर कळवा. दुआमध्ये याद ठेवा.