उपग्रहाला धुरा दिसत नाही



आमच्या मामांचा वनहक्काचा दावा फेटाळला. कारण एका ओळीचं: उपग्रहाच्या चित्रात शेती दिसत नाही, झुडपी जंगल दिसते. मामा सुनावणीत एवढंच बोलले, "साहेब, मंग हे धुरे काय आभायातून पडले का?" साहेबांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. वावर पाहायला कोणी आलं नाही.

मशीन खोटं बोलत नाही, असं आपल्याला सांगतात. मग मशीनला काय दिसतं ते आधी समजून घेऊ.

भारताच्या उपग्रहावरचा 'लिस-३' कॅमेरा जमिनीचे साडेतेवीस मीटरचे चौकोन पाडतो. एक चौकोन म्हणजे सुमारे साडेपाच आर, आणि त्याला मिळतो एकच रंग. धुरा, मोहाचं झाड, ज्वारीचं धांडं, सगळं त्या एका रंगात कालवलं जातं. उंचीचंही तसंच. २००० साली अमेरिकेच्या यानानं ११ दिवसांत रडारनं जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. त्यात तीस मीटरच्या चौकोनाला उंचीचा एक आकडा. टेकडी कुठं, पठार कुठं, उतार किती, हे त्यावरून चांगलं कळतं. पण त्या उतारावर आज्यानं दगड रचून माती अडवली, हे त्या आकड्यात कुठून येणार?

दुसरी गोष्ट महिन्याची. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून जंगल मोजायला बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतात. आपल्या बरडावरचं पीक पावसावरचं. ते निघाल्यावर वावरात गवत आणि काड्या उरतात. त्या महिन्यातलं चित्र पाहून इथं कोणी पेरतच नाही म्हणणं, म्हणजे खळं उठल्यावर येऊन पीक कुठाय विचारणं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर दहा टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असली की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, तिथं काय चालतं, हे पाहत नाहीत. फळबागाही त्यात येतात. म्हणजे कारंजा-आष्टीकडची संत्र्याची बाग या हिशोबानं वनाच्छादनात धरली जाऊ शकते. म्हणून बागवाल्याला कोणी अतिक्रमणदार म्हणतं का? त्याच्याजवळ सातबारा आहे. आपण मात्र वावरातला मोह तोडला नाही, पूर्वजांचा मान ठेवला, आणि तीच सावली आपल्याविरुद्ध साक्षीला उभी करतात.

काही भाऊ म्हणतात, ही मशीनच नको. मला हे पटत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा आहे हे दाखवायला जुनं स्पष्ट चित्र आपल्याही कामी येतं. कायद्यात उपग्रहचित्र हा पुरावा आहेच. पण तो अनेकांतला एक. वनहक्क नियमांच्या १३ व्या नियमात घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, बांध हेही पुरावे आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं म्हणणंही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं की उपग्रहचित्र बाकी पुराव्याला जोड म्हणून वापरा, त्याच्या बदली नाही. गुजरात हायकोर्टानंही २०१३ साली हेच धरलं. म्हणजे नुसतं चित्र पाहून दावा फेकणारा अधिकारी स्वतःच नियम मोडतो.

हे हलकं घेऊ नका. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायचा हुकूम दिला होता. त्याच हुकमात वन सर्वेक्षणाला उपग्रहानं अतिक्रमणं पाहायला सांगितलं होतं. २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली, म्हणून आपण आज वावरात उभे आहोत. स्थगिती म्हणजे पट्टा नव्हे.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं हे करावं:

१) दावा फेटाळल्याचं कारण लेखी मागा. चित्र कोणत्या तारखेचं, कोणत्या उपग्रहाचं, एक चौकोन किती मीटरचा, हेही लेखी मागा.

२) साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अर्ज करा. आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय त्यांना तो निकाली काढता येत नाही.

३) वनहक्क समितीनं म्हाताऱ्यांना घेऊन वावराची शीव फिरावी. पोरांनी मोबाइलवर जीपीएस लावून कोपरे टिपावेत. झाडाखाली तो पाच-दहा मीटर चुकतो, म्हणून धुरा, विहीर, मोठं झाड, देवस्थान हाताच्या नकाशात काढा. पंचनामा करा, सह्या-अंगठे घ्या.

नकाशा काढायचा तर पायी या. काळी कुठं संपते, खरडी कुठं लागते, बरड कुठं चढतं, हे आमची माय अंधारातही सांगते. तिचं म्हणणं लिहून घ्या, मग वरून पाहा.

जल, जंगल, जमीन आमची! जय सेवा!